फॉरमॅट मारणारे

"फॉरमॅट मारा." संगणकाच्या कुठल्याही दुखण्यावर आपल्याकडे हा एकच काढा दिला जातो. यंत्र हळू चालतंय? फॉरमॅट मारा. प्रिंटर रुसलाय? फॉरमॅट मारा. तारीख चुकतेय, पासवर्ड टाकला की स्क्रीन पुन्हा पासवर्डच मागतोय, सकाळपासून काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येऊन थांबलीयत? मारा फॉरमॅट. 'मारा' हे क्रियापदही कसं चपखल बसलंय बघा. रोग्याला मारलं की रोगही जातोच.

माझं म्हणणं आधीच स्पष्ट सांगते. बिघाड कुठे आहे ते न शोधता सगळं पुसून टाकणं ही दुरुस्ती नव्हे. उत्तरपत्रिका न वाचता फाडून टाकण्यातला तो प्रकार आहे. एखाद्या दुकानात असं झालं तर दुकानदाराचं नुकसान होईल, तो त्याचं बघून घेईल. पण शाळेत होतं तेव्हा मुलांचं काम जातं, लॅबला कुलूप लागतं, आणि वर मुलं शिकतात काय, तर यंत्र बिघडलं की त्याचं कारण शोधायचं नसतं!

मी मराठी शिकवलं. निबंधाच्या वह्या तपासण्यात उभी हयात गेली. काही शिक्षकांची पद्धत असे, पूर्ण पानावर लाल शाईची काट आणि खाली 'पुन्हा लिहा'. मूल पुन्हा लिही. तेच वाक्य, तीच चूक, फक्त अक्षर जरा बरं. कारण कुठे चुकलं ते त्याला कुणी सांगितलेलंच नसे. फॉरमॅट मारणं म्हणजे ही लाल काट आहे. यंत्र नवं कोरं दिसतं आणि सहा महिन्यांनी तिथेच अडतं.

"बाई, तुम्हाला यातलं काय कळतं?" असं कुणी विचारील. खरंच फार कळत नाही. सर्व्हर मला उघडता येत नाही, आज्ञा टाइप करता येत नाहीत. पण 'कुठे अडलं?' हा प्रश्न विचारायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. आणि माझी तक्रार एवढीच आहे की हा प्रश्न कुणी विचारत नाही.

हे नीट कळावं म्हणून एक विशिष्ट प्रकारची लॅब घेते. आमच्या शाळेत ती होती, आणि बिघाड कसा शोधावा हे शिकवायला तिच्याइतकं चांगलं साधन मी दुसरं पाहिलं नाही. माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून एक बऱ्यापैकी ताकदीचा संगणक घेतला होता. तो सर्व्हर. बाकीची वीस यंत्रं कुठल्याशा कार्यालयातून निघालेली, जुनी. त्यांत हार्ड डिस्कच नव्हत्या. बटण दाबलं की ही यंत्रं नेटवर्कच्या तारेवरून सर्व्हरकडे जात, स्वतःला चालवायची प्रणाली तिथून उचलत आणि उभी राहत. याला नेटवर्क बूट म्हणतात. ज्या मुक्त प्रणालीवर हे चाले, तो 'लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट' अमेरिकेतल्या जिम मॅकक्विलन यांनी १९९९ मध्ये सुरू केला. त्याच वर्षी इंटेल कंपनीने 'पीएक्सई' या नावाने नेटवर्क बूटचे नियम लिहून काढले, तेच आजही बहुतेक संगणकांत आहेत. नियमांच्या मुळाशी असलेल्या कल्पना त्याहून जुन्या, १९८० च्या दशकातल्या.

आता ते यंत्र उठतं कसं ते बघा. शाळेत पहिल्यांदा आलेल्या मुलासारखी त्याची स्थिती असते. आपला वर्ग कुठला, हजेरी क्रमांक किती, काहीच ठाऊक नाही. पहिली पायरी, तार जोडलेली आहे ना, हे ते बघतं. दुसरी, ते तारेवर सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाळी देतं, "मला क्रमांक कोण देईल?" सर्व्हर उत्तर देतो, "हा तुझा क्रमांक, आणि अमक्या नावाची फाइल माझ्याकडून घे." तिसरी, ते यंत्र ती छोटी फाइल मागून घेतं. चौथी, त्या फाइलच्या मदतीने प्रणालीचा गाभा उतरवून घेतं. पाचवी, सर्व्हरवरची डिस्क आपलीच असल्यासारखी जोडून घेतं आणि नाव-पासवर्ड विचारणारा पडदा दाखवतं. पायऱ्या पाच, आणि त्यांचा क्रम कधी बदलत नाही.

महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. यंत्र अडलं तर कुठल्या पायरीवर अडलं ते बहुतेक वेळा ते स्वतःच सांगतं! काळ्या पडद्यावर येणारी ती पांढरी अक्षरं म्हणजे यंत्राने दिलेली जबानी असते. 'पीएक्सई-ई६१, मीडिया टेस्ट फेल्युअर, चेक केबल' असं आलं, की पहिल्या पायरीवर गाडी अडली, तार बघा. इथे तर इलाजही लिहून दिलेला आहे. 'ई५१' आलं, की हाळी दिली पण कुणी ओ दिली नाही. क्रमांक देणारी सेवा बंद असेल किंवा वाटेतला स्विच मेला असेल. 'ई५३' आलं, की उत्तर मिळालं पण त्यात फाइलचं नाव नव्हतं. 'ई३२' आलं, की नाव कळलं, पण फाइल मागितल्यावर समोरून कुणी बोललंच नाही. चार संदेश, चार वेगळी कारणं. आणि या चारांवर आमच्या गावातल्या हार्डवेअरवाल्याचा सल्ला मात्र एकच असे. तो काय, ते आता सांगायला नको.

ज्या यंत्रात डिस्कच नाही त्याला फॉरमॅट कसलं मारणार, हा प्रश्न त्याला कधी पडला नाही. मग तो सर्व्हरकडे वळे. दुखणं म्हशीला आणि डाग पखालीला, ही म्हण मी किती वर्षं शिकवली. तिचं इतकं तंतोतंत उदाहरण लॅबमध्ये बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

२००९ सालची गोष्ट. एका सोमवारी वीसपैकी निम्मीअधिक यंत्रं उठेनात. गंमत म्हणजे तीच यंत्रं तासाभराने उठत आणि दुसरी अडत. हार्डवेअरवाला आला, उभ्याउभ्या बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, सर्व्हर गेलाय. सगळं फॉरमॅट मारून नव्याने टाकावं लागेल. दोन दिवस द्या." त्या सर्व्हरवर नववीच्या मुलांचं सहामाहीचं सगळं काम होतं. बॅकअप घ्यायला दुसरी डिस्क हवी, असा अर्ज दोनदा करून झाला होता. तो फायलीत होता.

आमच्याकडे कंत्राटावर संगणक शिकवणारे एक तरुण सर होते. ते म्हणाले, "दोन दिवस तुम्हीच मला द्या." त्यांनी नववीतल्या चार मुलींना वही दिली आणि एकच काम सांगितलं. प्रत्येक यंत्र सुरू करायचं आणि अडलं की पडद्यावरचं जसंच्या तसं उतरवून घ्यायचं. मुली मराठी माध्यमाच्या. इंग्रजी संदेशाचा अर्थ त्यांना लागत नव्हता, पण अक्षरं तर येत होती. दुसऱ्या सुट्टीपर्यंत वहीचं पान भरलं. अडलेल्या प्रत्येक यंत्रापुढे एकच क्रमांक, ई५३. त्यातली एक मुलगी म्हणाली, "सर, सर्व्हर मेला असता तर सगळीच अडली असती ना?"

मला विचाराल तर दुरुस्ती तिथेच झाली. पुढचं काम हाताचं होतं. उत्तर मिळतंय पण त्यात फाइलचं नाव नाही, याचा अर्थ उत्तर देणारा आपला सर्व्हर नव्हेच, दुसरंच कुणीतरी आहे. सरांनी आपला लॅपटॉप लॅबच्या तारेला जोडला. त्याला मिळालेला क्रमांक आमच्या मालिकेतला नव्हता. मग तार हाताने धरत धरत शोध सुरू झाला आणि तो थेट शाळेच्या कार्यालयात जाऊन थांबला. शनिवारी तिथे इंटरनेटसाठी एक वाय-फायची डबी बसवली होती. बसवणाऱ्याने तिची तार चुकीच्या खाचेत घातली होती, त्यामुळे ती डबी साऱ्या शाळेला क्रमांक वाटत सुटली होती. ज्या यंत्राला त्या डबीचा क्रमांक आधी मिळे ते अडे, ज्याला सर्व्हरचा मिळे ते उठे. तार काढली, योग्य खाचेत घातली, डबीचं क्रमांक वाटणं बंद केलं. वीसही यंत्रं उठली. खर्च शून्य रुपये. मुलींचं सहामाहीचं काम जागच्या जागी.

समजा सर्व्हर फॉरमॅट मारला असता तर? सगळं पुसून, दोन दिवस घालवून, पैसे मोजून, लॅब परत सुरू केली असती आणि यंत्रं पुन्हा तशीच अडली असती. कारण ती डबी कार्यालयात बसून क्रमांक वाटतच राहिली असती. मग हार्डवेअरवाला म्हणाला असता, "मॅडम, नवीनच घ्यावे लागतील." आणि तसं झालंही असतं. किती शाळांत असं झालं असेल कुणास ठाऊक.

आता एक गोष्ट मान्य करायला हवी. फॉरमॅटने पुष्कळदा गुण येतो. म्हणून तर त्याचा एवढा बोलबाला. पण गुण का येतो ते बघा. समजा डिस्क भरली. पासवर्ड बरोबर असूनही लिनक्सचा पडदा तुम्हाला आत घेत नाही, क्षणभर काळा होतो आणि पुन्हा पासवर्ड मागतो. आत गेल्यावर काही छोट्या फाइली लिहाव्या लागतात आणि त्यांना जागाच नसते. फॉरमॅट मारला की डिस्क रिकामी होते आणि सगळं सुरळीत! पण डिस्क भरली कशाने? एखादी नोंदींची फाइल रोज फुगत होती, किंवा कुणीतरी चित्रपट आणून ठेवले होते. ते कारण तसंच राहतं. जुलाब थांबायचं औषध दिलं आणि विहिरीचं पाणी तसंच ठेवलं, तर वाडीत महिन्याभराने तेच.

दुसरं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. संगणकाच्या मुख्य पट्टीवर रुपयाच्या नाण्याएवढी एक बॅटरी असते. वीज नसताना घड्याळ आणि काही मूळ सूचना ती सांभाळते. काही वर्षांनी ती संपते. मग यंत्र रोज सकाळी कुठल्यातरी जुन्या सालात जागं होतं. तारीख चुकली की इंटरनेटवरची सुरक्षित पानं उघडत नाहीत, 'धोका आहे' अशा सूचना येतात. त्याहून वाईट म्हणजे 'नेटवर्कवरून उठ' ही सूचनाच काही यंत्रं विसरतात आणि नसलेली डिस्क शोधत बसतात. ही बॅटरी घड्याळाच्या दुकानातसुद्धा मिळते आणि किंमत वडापावच्या हिशोबात सांगता येते. ती संपली म्हणून यंत्रं निकालात निघाल्याचं मी ऐकलेलं आहे.

तिसरं उदाहरण क्रमांक संपण्याचं. सर्व्हरला समजा पंचवीसच क्रमांक वाटायची मुभा दिली आहे. वीस यंत्रं आहेत, म्हणजे पुरायला हवेत. पण शिक्षकांचे मोबाइल त्याच नेटवर्कवर चढले की शेवटच्या बाकावरच्या यंत्रांना क्रमांकच उरत नाही. लॅबमध्ये मागच्या रांगेतल्या मुली हात वर करून बसतात आणि स्टाफरूममध्ये 'शुभ सकाळ'ची फुलं उतरत असतात. यावर फॉरमॅटचा काय उपयोग?

फॉरमॅटवाल्यांची बाजू मी ऐकली आहे. ते म्हणतात, "बाई, आम्हाला एका फेरीचे तीनशे रुपये मिळतात. दिवसाला दहा ठिकाणी जायचं असतं. शोधत बसलो तर जेवायचं काय?" त्यांचं खरं आहे. माझा राग त्यांच्यावर कमी आणि त्यांना फेरीवर बोलावणाऱ्या व्यवस्थेवर जास्त आहे. कुणी असंही म्हणतं, की मोठमोठ्या कंपन्यांतही बिघडलेलं यंत्र पुसून नवं टाकतात. टाकतात ना. पण तिथे काम यंत्रात नसतं, वेगळ्या जागी जपलेलं असतं. यंत्रात काय काय घडलं त्याच्या नोंदीही आधीच दुसरीकडे गेलेल्या असतात. आणि त्या नोंदी वाचायला पगारी माणूस असतो. शिवाय यंत्रात व्हायरस शिरला असेल तर पुसण्याला पर्याय नसतो, हेही मला मान्य आहे. तिथेसुद्धा तो शिरला कुठून हे आधी विचारायचं असतं.

१९ जुलै २०२४ आठवतो ना? क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा कंपनीने धाडलेल्या एका सदोष फाइलमुळे जगभरचे विंडोज संगणक निळा पडदा दाखवून आडवे झाले. सुरू करा, पुन्हा निळा. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे अशी यंत्रं होती सुमारे ८५ लाख. विमानतळांवर रांगा लागल्या, आपल्याकडे प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. इलाज काय होता? यंत्र 'सेफ मोड'मध्ये सुरू करायचं, एक ठरावीक फाइल काढून टाकायची, पुन्हा सुरू करायचं. एक फाइल! पुढे मायक्रोसॉफ्टने दुरुस्तीचं जे साधन दिलं त्यात नेटवर्क बूटने यंत्र उठवून ते काम करायचीही सोय होती.

त्या दिवशी जे अडकले त्यांतले बरेच वेगळ्याच कारणाने अडकले. ज्या डिस्कना सांकेतिक कुलूप होतं, त्यांना ४८ आकडी किल्ली लागत होती, आणि काहींच्या किल्ल्या ज्या सर्व्हरवर ठेवल्या होत्या तोच निळा पडदा दाखवत होता. कपाटाची चावी कपाटात. एवढ्या मोठ्या जगाचं घोडं शेवटी 'किल्ली कुठे लिहून ठेवली होती?' या प्रश्नावर अडलं. हा प्रश्न आमच्या शाळेतल्या शिपायालाही कळतो, कारण त्याच्याकडे साऱ्या वर्गांच्या चाव्यांचा जुडगा असतो आणि त्याची दुसरी जोडी मुख्याध्यापकांच्या कपाटात असते.

आता त्या व्यवस्थेकडे वळते. शाळांना संगणक देण्याची केंद्र सरकारची योजना डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली, २०१० मध्ये ती सुधारली गेली. तिच्यात एक मार्ग होता तो इंग्रजी आद्याक्षरांनी 'बूट' म्हणून ओळखला जाई. बांधा, मालकी ठेवा, चालवा, हस्तांतर करा. कंपनीने लॅब उभारायची, काही वर्षं चालवायची, मग शाळेच्या हवाली करायची. नावात बूट होतं, पण करार संपल्यावर लॅब सकाळी बूट कोण करणार याचं उत्तर अनेक ठिकाणी नव्हतं. हस्तांतर यंत्रांचं झालं. यंत्रं सांभाळणाऱ्या कंत्राटी शिक्षकाचं काय? करार संपला की तोही संपला. सुधारित योजनेत माध्यमिक शाळेला स्वतंत्र संगणक शिक्षकाची तरतूद होती. कागदावर तरतूद असणं आणि लॅबमध्ये माणूस असणं यांत किती अंतर असतं ते ज्याने सरकारी फाइल हलवली आहे त्याला विचारा.

यंत्राची खरेदी डेड स्टॉक रजिस्टरमध्ये नोंदवता येते. तिचं उद्घाटन होतं, नारळ फुटतो, फोटो छापून येतो. कार्यालयातली डबी शोधून काढणाऱ्या मुलीची नोंद कुठल्या रजिस्टरमध्ये करणार? म्हणून यंत्रांना पैसा मिळतो, शोधणाऱ्या माणसाला मिळत नाही. इमारतीसाठी पैसा आणि झाडूवाल्यासाठी नाही, अशी ही तऱ्हा.

"मग करायचं काय? आमच्याकडे एवढी माणसं कुठे?" असं संस्थाचालक विचारतात. त्यांनी केरळकडे बघावं. तिथल्या सरकारी शाळांत मुक्त प्रणालीवर संगणक चालतात. २०१८ मध्ये तिथे 'लिटल काइट्स' नावाची विद्यार्थ्यांची मंडळं शाळाशाळांत सुरू झाली. मुलांना हार्डवेअरपासून सायबर सुरक्षेपर्यंतचं प्रशिक्षण मिळतं आणि शाळेतल्या यंत्रांच्या देखभालीला हातभार लावणं हे त्या मंडळांचं एक काम आहे. तिथली मुलं काही आकाशातून पडलेली नाहीत. आमच्या नववीच्या चार मुलींनी दुसऱ्या सुट्टीपर्यंत जे केलं, ते तिथे सरकारने रीतसर करवून घेतलं, एवढाच फरक.

हा विषय आत्ताच काढण्याचं कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चं नियमित साहाय्य थांबलं. विंडोज ११ ला जी सुरक्षा-चिप लागते ती अनेक जुन्या यंत्रांत नाही. शाळाशाळांतून आता निर्लेखनाचे प्रस्ताव तयार होतील, धडधाकट यंत्रं भंगारात जातील आणि नव्यांच्या निविदा निघतील. यांतली पुष्कळ यंत्रं लिनक्सवर किंवा एका बऱ्या सर्व्हरच्या आधाराने नेटवर्क बूटवर आणखी काही वर्षं चालू शकतात. फक्त ती अडली की 'कुठे अडलीस?' असं विचारणारा माणूस हवा. तो नसेल तर नवी यंत्रंसुद्धा तीन वर्षांत जुन्यांच्या शेजारी जाऊन बसतील.

माझ्या मागण्या फार नाहीत. लॅबमध्ये एक शंभर पानी वही टांगा. यंत्र अडलं की तारीख, यंत्राचा क्रमांक, पडद्यावरचं वाक्य जसंच्या तसं, आणि आदल्या दिवशी काय बदललं होतं, एवढं तिच्यात लिहा. दुरुस्त झालं की कशाने झालं तेही लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा, नाहीतर कशाने गुण आला ते कळत नाही. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून नाव घाला. मुलांच्या कामाची एक प्रत दर शुक्रवारी दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क दुसऱ्या खोलीत ठेवा. सर्व्हरचा पासवर्ड बंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या कपाटात असू द्या. आणि एका शिक्षकाला आठवड्यातले चार तास फक्त यासाठी मोकळे द्या, त्याच्या वेळापत्रकात तसं छापून. हे सगळं करायला शासन निर्णयाची वाट बघावी लागत नाही.

मराठी शाळांना आणखी एक सांगते. संदेश इंग्रजीत येतो म्हणून आपली मुलं मागे हटतात, आणि शिक्षकही. अहो, सगळे मिळून वीस-पंचवीस शब्द आहेत. फाइल, नॉट फाउंड, टाइमआउट, डिस्क फुल, परमिशन डिनाइड. एका तक्त्यावर मोठ्या अक्षरांत त्यांचे मराठी अर्थ लिहून भिंतीवर लावा. ज्या मुलांनी समास आणि अलंकार पाठ केले त्यांना पंचवीस शब्द जड नाहीत. यंत्र काय सांगतंय ते वाचायचं असतं, हे आधी मोठ्यांना पटायला हवं.

शालेय समितीवर असलेल्या पालकांना शेवटची विनंती. पुढच्या बैठकीत 'लॅबमधील संगणक नादुरुस्त, निर्लेखन करावे' असा ठराव आला की सही करण्याआधी विचारा, यंत्र कुठल्या पायरीवर अडतंय, पडद्यावर काय येतंय, ते कुणी लिहून घेतलंय का? उत्तर मिळालं नाही तर ठराव परत पाठवा आणि एक वही घेऊन नववीच्या मुलींना लॅबमध्ये पाठवा.